वाचकांचे प्रश्न : सोमल, हरताळ आणि हापशाचं पाणी

भूजलावरच्या लेखात आर्सेनिकचा ओझरता उल्लेख होता. तेवढ्यावरून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. बहुतेक पत्रांत एकच गोष्ट गृहीत धरलेली दिसते: आर्सेनिक म्हणजे चिमूटभर पांढरी पूड आणि घटकाभरात मृत्यू. खरं तर हे मूलद्रव्य आहे, अणुक्रमांक ३३. जमिनीच्या कवचात दर किलोला सरासरी दोनेक मिलिग्रॅम असतंच. त्यामुळे पुढच्या प्रत्येक उत्तरात ‘आर्सेनिक आहे का’ यापेक्षा ‘कोणत्या रूपात आणि किती’ हे जास्त विचारलेलं दिसेल.

घरात पणजोबांच्या हस्तलिखित पोथ्या आहेत. काही ओळींवर पिवळा रंग फासला आहे. तो हरताळ असून विषारी आहे, असं एकांनी सांगितलं. खरं का? सोमल आणि हरताळ एकच का? (वाई)

एक नव्हेत, पण सख्खे म्हणावेत इतके जवळचे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज. मनशीळ ही त्याचीच तांबडी-नारिंगी बहीण, तिच्यात गंधकाचं प्रमाण कमी. सोमल म्हणजे आर्सेनिकचं पांढरं ऑक्साइड. कथा-कादंबऱ्यांत दुधात कालवलं जातं ते हेच. ‘आर्सेनिक’ हा शब्दही मुळात हरताळाचाच आहे. फारसीत सोन्याला ‘जर’, त्यावरून ‘जर्निख’, आणि तोच ग्रीकमधून युरोपात गेला.

लेखनिकाची चूक झाली की ती खोडायची नाही, त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि वाळल्यावर वर नीट लिहायचं, अशी रीत होती. एखाद्याच्या कामावर ‘हरताळ फासणं’ हा वाक्प्रचार तिथला. (बाजारबंदीचा हरताळ वेगळा. तो हाट आणि ताळा यांवरून आला. दोघांचा काही संबंध नाही.)

आता पोथीचं. हरताळ पाण्यात फारच कमी विरघळतो, म्हणून पोथी नुसती जवळ असल्याने कुणाला काही होत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. लेप जुना झाला की त्याचे पोपडे सुटतात आणि पूड होते. शिवाय वर्षानुवर्षं उजेड लागला की पिवळ्या हरताळाचं थोडं थोडं पांढऱ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे सोमलात, रूपांतर होतं, आणि सोमल हरताळापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. म्हणून पिवळा डाग कडेने फिकट-पांढुरका दिसत असेल तर तिथे जास्त जपा.

पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय आधी सोडा, सगळ्यात मोठा धोका तोच. पातळ नायट्राइलचे हातमोजे घाला. टेबलावर कोरा कागद पसरून त्यावरच पोथी उघडा. काम झालं की तो कागद पूड आत राहील असा घडी घालून फेका आणि टेबल ओल्या फडक्याने पुसा. झटकणं, फुंकर मारणं, ब्रशने झाडणं, उन्हात घालणं यांतलं काही करू नका. डाग खरवडून काढायचा प्रयत्न तर मुळीच नको. जुनं बासन इतर कपड्यांत धुवायला टाकू नका. नवं बासन घ्या आणि आत एक चिठ्ठी ठेवा: ‘हरताळ आहे, मोजे घाला’. पुढच्या पिढीला ते आपोआप कळणार नाही.

प्रत्येक पिवळा डाग हरताळाचाच असतो असंही नाही. हळदीचाही असतो. डोळ्यांनी फरक कळत नाही. हस्तलिखितांच्या संग्रहालयांत क्ष-किरणांच्या हातयंत्राने पानाला धक्का न लावता मिनिटभरात सांगता येतं.

मुलाची बदली पश्चिम बंगालमध्ये उत्तर चोवीस परगण्यात झाली आहे. भाड्याच्या घरात हापशाचं पाणी आहे, दिसायला स्वच्छ, चवीलाही गोड. शेजारी म्हणतात उकळून प्या. सोबत आरओ घ्यावा का? (पुणे, कोथरूड)

उकळू नका, निदान आर्सेनिकसाठी तरी. उकळल्याने जंतू मरतात, मूलद्रव्य मरत नाही. पाणी वाफ होऊन उडतं, आर्सेनिक खाली राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते थोडं दाटच होतं. कापडाची गाळणी, अतिनील दिवा, कोळशाचा साधा फिल्टर यांचाही भरवसा नाही. आणि ‘स्वच्छ, गोड’ यावर जाऊ नका. आर्सेनिक तापवलं तर लसणासारखा वास येतो खरा, पण पाण्यात विरघळलेल्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

त्या भागात पाण्यात ते कुठून आलं, हे कळलं की उपायही कळतात. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात लोखंडाच्या गंजासारख्या कणांना आर्सेनिक चिकटून आलं. तो गाळ दलदलीतल्या कुजक्या पालापाचोळ्यासह पुरला गेला. तिथे प्राणवायू नाही. जंतू तो गंज विरघळवतात आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. कारखान्याचा यात काही दोष नाही. पूर्वी लोक तळ्याचं पाणी पीत, त्यातून जुलाब-पटकी होई, म्हणून १९७० च्या दशकापासून उथळ कूपनलिका मोठ्या प्रमाणात खणल्या गेल्या आणि नेमक्या याच थरांत उतरल्या. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या डॉ. के. सी. साहा यांनी त्वचेचे रुग्ण पाहून हा उलगडा केला. पलीकडे बांगलादेशात तर लाखो हापसे तपासून घातक ते लाल आणि सुरक्षित ते हिरवे रंगवावे लागले.

मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच आणि भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादाही तीच. हे किती कमी? दहा हजार लिटरचे दहा टँकर भरले आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाकलं, तर ही मर्यादा गाठली जाते. म्हणूनच आरओवाला जो टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा) पेनसारखा मीटर बुडवून दाखवतो, त्याचा इथे उपयोग शून्य. तो शेकड्यांत मिलिग्रॅम मोजतो. पाण्यात मर्यादेच्या वीसपट आर्सेनिक असलं तरी तो आकडा एकानेसुद्धा हलणार नाही.

तेव्हा पहिलं काम तपासणी. शेजारच्या हापशाचा अहवाल चालत नाही. पन्नास फुटांवरच्या दोन हापशांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो. हापसा आधी पाच-दहा मिनिटं चालवून पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतच भरा. तिच्यात आधीच थोडं नायट्रिक आम्ल घातलेलं असतं, म्हणून ती विसळू नका आणि ओसंडून वाहीपर्यंत भरू नका. आम्ल नसलेल्या बाटलीत गडबड होते. हवा लागताच पाण्यातलं लोह तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं, जाताना आर्सेनिकलाही घेऊन जातं, प्रयोगशाळा वरचं निवळ पाणी तपासते आणि अहवाल खोटा चांगला येतो.

जागेवर तपासायचं किटही मिळतं. बाटलीत खुणेपर्यंत पाणी, त्यात आम्लाची पुडी, मग जस्ताची पूड आणि लगेच झाकण. झाकणात मर्क्युरिक ब्रोमाइडची कागदपट्टी असते. किटवर लिहिलेली मिनिटं, बहुधा दहा ते वीस, थांबायचं. पट्टी पांढरी राहिली तर ठीक, पिवळी ते तपकिरी होत गेली तर तक्त्याशी जुळवून आकडा वाचायचा. चुका ठरलेल्या आहेत. जस्त टाकल्यावर झाकणाला उशीर झाला की वायू निसटतो आणि आकडा कमी येतो. पट्टीला पाणी लागलं की ती बाद. बल्बच्या पिवळ्या उजेडात पिवळी छटा दिसतच नाही. पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर तो वायूही पट्टी काळवंडवतो, म्हणून त्यासाठीची वेगळी पुडी आधी घालायची. निघणारा वायू, आर्सिन, अतिविषारी आहे. इथे तो अत्यल्प असतो, तरी हे काम अंगणात करा, बाटलीत नाक घालू नका आणि पारा असलेल्या पट्ट्या मुलांपासून लांब ठेवा. निकाल १० च्या आसपास आला तर किटवर विसंबू नका, प्रयोगशाळेतून खात्री करा.

आता आरओ. चालतो, पण एक मेख आहे. खोल, प्राणवायू नसलेल्या पाण्यात आर्सेनिक बहुतांशी ‘तीन’ रूपात (संयुजा तीन) असतं. त्यावर विद्युतभार नसल्याने ते पडद्यातून बऱ्यापैकी निसटतं. ‘पाच’ रूपातलं मात्र चांगलं अडतं. तिनाचं पाच करायला क्लोरीन लागतो. पण क्लोरीनने आरओचा पडदा खराब होतो, म्हणून मध्ये कोळशाचा थर हवा. हे जोडणाऱ्याला माहीत नसेल तर दुसरा गाठा. यंत्र बसल्यावर बाहेर येणारं पाणी तपासा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. टाकाऊ नळीतलं पाणी जास्त आर्सेनिकचं असतं. ते स्वयंपाकाला, झाडांना, गुरांना नको.

खरा सोपा उपाय म्हणजे गावच्या नळयोजनेचं प्रक्रिया केलेलं पाणी, साठवलेलं पावसाचं पाणी किंवा तपासलेली खोल कूपनलिका. साधारण १५० मीटरखालचे जुने, तपकिरी वाळूचे थर बऱ्याचदा सुरक्षित निघतात, मात्र वरच्या थराचं पाणी पाइपाच्या कडेने खाली झिरपू नये म्हणून भोवती मातीचा पक्का बंद हवा. आंघोळ, कपडे, फरशी याला हापशाचं पाणी चालेल. आर्सेनिक त्वचेतून फार कमी आत जातं. पिणं आणि स्वयंपाक एवढंच बदला. डाळ आणि भात पाणी पिऊन घेतात, हे विसरू नका.

कोर्टाच्या जुन्या गोष्टींत विषप्रयोग पकडला जात नसे. आज पकडला जातो का? (नाशिक)

जातो, १८३६ पासून. १८३२ मध्ये इंग्लंडमधल्या एका खटल्यात जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने कॉफीत आर्सेनिक शोधलं, पण त्याचा पिवळा साका ज्यूरीपुढे येईपर्यंत बिघडला आणि आरोपी सुटला. चिडून मार्शने नवी पद्धत काढली: जस्त आणि आम्ल घालून आर्सेनिकचा वायू करायचा, तो तापल्या काचनळीतून सोडायचा आणि काचेवर चकचकीत काळा आरसा धरतो तो पुरावा. वर सांगितलेलं हापशाचं किट याच विक्रियेचं वंशज आहे. आज केसांतूनही कळतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून तुकडे करून काळाचा अंदाजही बांधता येतो. मात्र केसाला बाहेरूनही आर्सेनिक चिकटतं. नेपोलियनच्या केसांत ते भरपूर सापडलं, तेव्हा खुनाची चर्चा रंगली. २००८ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी त्याच्या लहानपणीचे केस तपासले, तर त्यातही तितकंच. त्या काळी सगळ्यांच्याच भोवती ते होतं.

आमच्या विहिरीतही असेल का? (गडचिरोली)

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे आणि तिथे आर्सेनिक ही मोठी तक्रार नाही. तिथे नायट्रेट आणि काही ठिकाणी फ्लोराइड जास्त छळतात. पण तुमचा जिल्हा त्या बेसाल्टवर नाही, आणि तुमच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये अंबागड चौकीजवळ कौडीकसा गावात आर्सेनिक सापडून पंचवीस वर्षं होऊन गेली. तिथे गंगेच्या खोऱ्यासारखा गाळ नाही, डोंगरगड-कोटरी पट्ट्यातल्या प्राचीन ज्वालामुखी खडकांतून ते येतं. त्यामुळे घाबरू नका, पण एकदा तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देताना ‘आर्सेनिकही करा’ असं स्पष्ट सांगा. नेहमीच्या यादीत ते असेलच असं नाही.

तांदळात आर्सेनिक असतं म्हणे. नातीला भाताची पेज देतो. बंद करावी का? (राजापूर, रत्नागिरी)

बंद करायचं कारण नाही. भात हे पीक पाण्यात उभं असतं. चिखलात प्राणवायू नसल्याने मातीतलं आर्सेनिक सुटतं आणि भाताची मुळं ज्या वाटेने सिलिका ओढतात त्याच वाटेने तेही आत जातं. म्हणून गव्हापेक्षा तांदळात जास्त. कोंड्यात ते अधिक साठतं, त्यामुळे ‘आरोग्यदायी’ म्हणून घेतलेल्या हातसडीत पांढऱ्या तांदळापेक्षा थोडं जास्तच निघतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा पांढऱ्या तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असेंद्रिय (म्हणजे जास्त विषारी रूपातलं) आर्सेनिक अशी आहे. युरोपात बाळांच्या तांदळाला याच्या निम्मी. कोकणात भात पावसावर होतो, बंगालसारखं आर्सेनिकचं भूजल उपसून खाचरात सोडलं जात नाही, म्हणून तुमच्याकडे काळजी आणखी कमी.

तरी कमी करायचं असेल तर आजीची पद्धत उत्तम. तांदूळ निवळ पाणी येईपर्यंत धुवा, एका वाटीला सहा वाट्या पाणी घालून शिजवा आणि वेळणी लावून वेळून टाका. असेंद्रिय आर्सेनिक जवळपास निम्म्यापर्यंत उतरतं. कुकरमधला बैठा भात हे करत नाही, त्यात सगळं पाणी भातातच जिरतं. मात्र वेळलेलं पाणी पेज म्हणून बाळालाच पाजलं तर काय साधलं! शिवाय त्या पाण्यातून ‘ब’ जीवनसत्त्वंही जातात. बाळाला रोज तांदूळच देण्यापेक्षा एक दिवस पेज, एक दिवस नाचणीचं सत्त्व, एक दिवस रव्याची खीर असं करा. आणि स्वयंपाकाचं पाणीच आर्सेनिकचं असेल तर ही सगळी पद्धत उलटते, भात ते शोषून घेतो.

आरोग्य तपासणीत लघवीत आर्सेनिक खूप वाढलेलं आलं. घरात कुणावर संशय घ्यावा? (अलिबाग)

बाजारातल्या कोळणीवर! तपासणीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मासे, कोळंबी, कुर्ल्या खाल्ल्या होत्या का? समुद्री जिवांत आर्सेनोबीटेन नावाचं सेंद्रिय रूप भरपूर असतं. ते निरुपद्रवी आहे, शरीर ते जसंच्या तसं लघवीतून टाकतं. पण साधी तपासणी सगळी रूपं एकत्र मोजते आणि आकडा भयंकर दिसतो. पाच दिवस मासळी, शिंपले-तिसऱ्या आणि समुद्री शेवाळ बंद ठेवून पुन्हा तपासा. या वेळी प्रयोगशाळेला ‘असेंद्रिय आर्सेनिक वेगळं काढा’ असं सांगा आणि निकाल क्रिएटिनिनच्या (लघवीतून नेहमी बाहेर पडणाऱ्या एका टाकाऊ द्रव्याच्या) प्रमाणात मागा, नाहीतर पाणी कमी-जास्त प्यायल्यानेही आकडा बदलतो. तरीही वाढलेलं आलं तर मग पाणी आणि औषधं तपासायची. लघवीतून दोन-चार दिवसांपूर्वीचंच कळतं, जुनं पाहायचं तर नखं.

वडिलांना दम्यासाठी एका वैदूने पुड्या दिल्या आहेत. वर काही लिहिलेलं नाही. ‘शुद्ध केलेला सोमल आहे, भीती नाही’ म्हणतो. (परभणी)

पुड्या आजच बंद करा, फेकू मात्र नका, तशाच घेऊन डॉक्टरांकडे जा. शोधनाने पदार्थाचं रूप बदलतं, आर्सेनिक नाहीसं होत नाही. मूलद्रव्य जाळून संपत नाही. सोमल, हरताळ, मनशीळ असलेल्या आयुर्वेदिक औषधांना कायद्याने ई-१ अनुसूची (विषारी द्रव्यांची यादी) लागू आहे. ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना वेष्टनावर हवी. कोऱ्या पुडीत तीच नाही, म्हणजे मात्राही कुणाला ठाऊक नाही.

तोवर हात-पाय पाहून घ्या. तळहात-तळपायावर बारीक टणक खवले, छाती-पाठीवर गडद त्वचेत पावसाच्या थेंबांसारखे फिकट ठिपके, बोटांना मुंग्या. असं काही दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा, कारण दीर्घकाळाने त्वचा, मूत्राशय आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विष ‘उतरवणारी’ सुई अचानक झालेल्या विषबाधेत कामाची. वर्षानुवर्षं साठलेल्यात तिचा फायदा सिद्ध नाही, तिथे उगम तोडणं हाच उपचार.

‘मग कर्करोगाच्या इस्पितळात सोमल कसा देतात?’ असं वैदू विचारेल. देतात खरंच. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर शिरेतून देतात, चीनमधल्या हार्बिनला सुरू झालेली ही पद्धत अमेरिकेत २००० मध्ये मंजूर झाली. पण तिथे मात्रा वजनावर मोजलेली असते, हृदयाचा आलेख वारंवार काढतात आणि रक्तातलं पोटॅशियम पाहतात.

कारखान्याच्या जुन्या कूलिंग टॉवरचं लाकूड लिलावात स्वस्त मिळालं. हिरवट झाक आहे. चुलीला वापरता येईल? (इचलकरंजी)

नाही. ती झाक तांब्याची आहे आणि तांब्यासोबत त्यात क्रोमियम आणि आर्सेनिक असण्याची दाट शक्यता आहे. वाळवी-बुरशीपासून वाचवण्यासाठी लाकडात दाबाने मुरवायचं हे मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी शोधलं आणि जगभर वापरलं गेलं. झाक उन्हाने फिकी पडते, म्हणून वरून साधं दिसलं तरी टोक कापून पाहा. जाळलं की थोडं आर्सेनिक धुरातून जातं, बाकीचं राखेत दाट होऊन उरतं, आणि आपण त्याच राखेने भांडी घासतो, ती परसात टाकतो.

चुलीत गेलंच असेल तर राख कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून ओली करा, तोंडाला मास्क लावून जाड पिशवीत भरा, भांड्यांना किंवा राखुंडीला वापरलेली राखही त्यातच. उरलेलं लाकूड कुंपणाच्या खांबाला चालेल, पण विहिरीजवळ, भाजीच्या वाफ्यात किंवा गुरं चाटतील अशा दावणीला नको. कापायचं तर उघड्यावर, खाली ताडपत्री घालून, आणि भुसा गोठ्यात वा कोंबड्यांखाली न पसरता घातक कचऱ्यात द्या.